बडोद्याहून देवबाग: जागा-पाहणी सहलीचा अनुभव

बडोद्यातल्या मराठी घरांत निवृत्ती जवळ आली की कोकणात समुद्राकाठी चार-पाच गुंठे जागा घेण्याचा विषय हमखास निघतो. आमच्या घरी तो गेल्या दिवाळीत निघाला. त्याच सुमारास बडोद्यातल्याच एका सहल कंपनीची जाहिरात हाती पडली: सिंधुदुर्ग जिल्ह्यात चार रात्रींचा मुक्काम, पर्यटन आणि जोडीला जमिनींची पाहणी. माणशी १४,५०० रुपयांत बडोद्यापासून बडोद्यापर्यंतचा प्रवास, देवबागला मासेमार कुटुंबाच्या घरी राहणे-जेवणे आणि तीन ठिकाणच्या जागा दाखवणे, असा बेत होता. जानेवारीत आम्ही सोळा जण गेलो. पुढे तक्रारीचा भाग बराच असल्यामुळे कंपनीचे नाव लिहीत नाही.

माझ्याविषयी एक गोष्ट आधीच सांगणे योग्य होईल. मी एकोणीस वर्षे बँकेच्या गृहकर्ज विभागात कागद तपासण्याचे काम केले आहे, त्यामुळे मला समुद्राच्या आधी सातबारा दिसतो. हा माझा दोष आमच्या ह्यांनी सहलीभर चारचौघांत बोलून दाखवला.

प्रवासाची आखणी साधारण होती. बडोद्याहून मुंबई सेंट्रल आणि रात्री कोकणकन्येने कुडाळ असा मार्ग होता. परंतु मुंबई सेंट्रलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सामानासह कसे पोहोचायचे याची कोणतीच व्यवस्था कंपनीने केली नव्हती, आणि साठीच्या पुढच्या बारा माणसांनी टॅक्सीवाल्यांशी जी घासाघीस केली तिच्यात पहिल्याच दिवसाचा उत्साह संपला. बडोद्यावरून कोकण रेल्वेने थेट केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या आहेत. त्या रोजच्या नाहीत, पण सोळा जणांची तारीख आपणच ठरवणाऱ्या कंपनीला त्यांतली एखादी गाठून रत्नागिरीहून पुढे मोटारीने नेणे अशक्य नव्हते. कुडाळला मात्र गाडी वेळेवर हजर होती आणि तासाभरात आम्ही मालवण ओलांडून देवबागच्या रस्त्याला लागलो.

देवबाग नकाशावर पाहूनही लक्षात येत नाही. तिथे उभे राहावे लागते. तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेकडे गेली आहे, तिच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि टोकाला दोघांचा संगम. मधून जाणाऱ्या एकाच रस्त्याच्या दुतर्फा माड, घरे, वाळत घातलेली जाळी आणि दर चार घरांआड ‘राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी. रत्नागिरी जिल्ह्यातून १९८१ मध्ये वेगळा झालेला हा सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढे कोकण रेल्वे आली, आणि इथल्या मासेमारांनी घराच्या पडवीला लागून एकेक खोली बांधत हा व्यवसाय उभा केला. आमची खोलीही तशीच होती: जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, स्वच्छ न्हाणीघर, आणि खिडकीतून समुद्राऐवजी शेजारच्यांची उलटी घातलेली होडी. मला ते आवडले.

जेवणाविषयी मी तपशिलाने लिहिणार आहे, कारण दिलेल्या पैशांचे पुरेपूर मोल इथेच मिळाले. सकाळी घावणे किंवा आंबोळ्या आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. दुपारी उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले, तळलेली सुरमई आणि सोलकढी. एक दिवस तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके आणि शेवटच्या रात्री कोंबडी-वडे. आमच्या गटात तीन कुटुंबे शाकाहारी होती, त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्यांचे सांबारे आणि केळफुलाची भाजी होती. बडोद्यात शेव-उसळीवर वाढलेल्या आमच्या भाचीने त्या काळ्या वाटाण्यांना जी दाद दिली तिचे घरमालकीणबाईंना फार कौतुक वाटले. त्या मला वहिनी म्हणत आणि मीही त्यांना वहिनी म्हणे. सोलकढी रातांब्यांच्या आगळाची होती, बाजारातल्या गुलाबी सरबताची नव्हे, आणि तिच्यात लसूण किती घालावी यावरून वहिनींचे आणि त्यांच्या सुनेचे जे मतभेद होते ते चारही दिवस आमच्या पानात उतरत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रापण पाहिली. सहलीच्या कार्यक्रमात ती नव्हती; वहिनींच्या दिरांनी हाक मारली म्हणून गेलो. होडीने समुद्रात अर्धगोल फिरून जाळे टाकलेले असते आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर असतात. दोन्ही दोरांवर वीस-पंचवीस माणसे टाचा वाळूत रोवून मागे-मागे सरकत जाळे ओढतात, आणि दोन रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ येत जातात. आमच्यातल्या चौघांनी दोराला हात लावला आणि दहा मिनिटांत तळहात सोलून घेतले. जाळे वर आले तेव्हा त्यात तारली बरीच होती, थोडे बांगडे, एक लहानशी मोरी (शार्क) आणि बाकी जेलीफिश. ओढणाऱ्या दोन वृद्धांनी जाळ्याकडे पाहून एकमेकांकडे पाहिले आणि ते काही बोलले नाहीत. जागेवरच लिलाव झाला, टोपल्या भरल्या गेल्या, रापणकरांचे वाटे पडले; हात लावल्याबद्दल आमच्या वाट्याला चार बांगडे आले आणि ते दुपारी ताटात दिसले.

दिरांना विचारले तेव्हा त्यांनी पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांचे आणि रात्री दिवे लावून केल्या जाणाऱ्या मासेमारीचे नाव घेतले. पर्ससीनवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये कडक निर्बंध घातले आणि दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. पण समुद्रात पाळत ठेवणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. या घराचे उत्पन्न आता मुख्यतः आमच्यासारख्या पाहुण्यांवर चालते, रापण ही मान आणि सवय म्हणून चालू आहे, असे त्यांनी अगदी सरळ सांगितले. पर्यटनाच्या भवितव्याविषयी कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत जे चार पानांत नव्हते ते मला त्या एका वाक्यात मिळाले.

पर्यटनाचा भाग ठीक झाला. सिंधुदुर्ग किल्ल्यावर दोन तास मिळाले, ते कमी पडले. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याची उभारणी सुरू केली. चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. देवबागच्या विहिरींविषयी पुढे लिहिणार आहे, म्हणून इथे मुद्दाम उल्लेख केला. समुद्रतळ पाहण्याचा जो प्रकार इथे ‘स्कूबा’ म्हणून विकला जातो त्यात मार्गदर्शक तुम्हाला धरून उथळ पाण्यात काही मिनिटे खाली नेतो. त्याला प्रशिक्षण समजू नये. ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांच्यासाठी तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. भाचीला प्रवाळ आणि मासे दिसले, ती खूष झाली. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता, हे लक्षात ठेवून बोटीत बसण्यापूर्वी जीवरक्षक जाकिटे मोजावीत. आमच्या बोटीत दोन कमी होती; मागितल्यावर लगेच मिळाली, पण मागावी लागली.

आता जागांविषयी. कंपनीचा जो तरुण आमच्याबरोबर होता तो मूळचा बडोद्याचा, वागायला लाघवी, आणि मराठीत बोलता-बोलता घाईला आला की गुजरातीत शिरणारा. पहिली जागा देवबागच्याच पट्टीवर, माडांच्या सावलीत, समोर समुद्र, अशी होती. आमचे हे तर तिथेच खुर्ची टाकून बसण्याच्या बेतात होते. किनाऱ्यापासूनचे अंतर विचारले तेव्हा त्या तरुणाने ओल्या वाळूपाशी उभे राहून पावले टाकत मोजायला सुरुवात केली आणि ‘दोनशे मीटर पूर्ण, काकू, बधुं क्लियर छे’ असे जाहीर केले. वहिनी कुंपणापाशी उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘आता सुकती आसा. भरतीक येवा, मगे मोजा.’

त्यांचे म्हणणे कायद्याला धरूनच होते. सागरी किनारा नियमनाचे अंतर ओहोटीच्या पाण्यापासून मोजत नाहीत. ते भरतीरेषेपासून मोजतात, आणि ती रेषा सरकारमान्य संस्थेने आखलेल्या नकाशावर असते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर पट्टा बांधकामासाठी वर्ज्य आहे. दाट वस्तीच्या गावांत तो ५० मीटरवर येऊ शकतो, परंतु गाव त्या वर्गात बसते की नाही हे मंजूर किनारा आराखड्यावरून ठरते, दलालाच्या तोंडी आश्वासनावरून ठरत नाही. खाडीच्या बाजूनेही ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल ते अंतर सोडावे लागते. देवबागसारख्या पट्टीवर ही दोन्ही अंतरे दोन्हीकडून आत सरकत येतात आणि मधे काय उरते याचा हिशेब प्रत्येक भूखंडासाठी स्वतंत्रपणे करावा लागतो. कोळी आणि इतर पारंपरिक किनारावासीयांना घरांसाठी ज्या सवलती आहेत त्या बडोद्याहून येणाऱ्या खरेदीदारासाठी नाहीत. वहिनींची खोली किनाऱ्याजवळ आहे म्हणून आपलीही होईल, हा आमच्या गटातल्या निम्म्या लोकांचा समज होता आणि कंपनीने तो दूर केला नाही.

त्याच जागेच्या पुढे किनाऱ्यालगत मोठमोठ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा आहे, आणि त्याच्या पलीकडे वाळूत माडांचे बुंधे उभे होते, शेंडे नसलेले. तिथे पूर्वी वाडी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरले असे दोन गृहस्थ आमच्यात होते. त्यांना अधिक काही समजावून सांगावे लागले नाही.

दुसरी जागा आचऱ्याच्या बाजूला खाडीकाठी होती. शांत, सुंदर, आणि कडेने कांदळवन. मोठ्या कांदळवनाभोवतीही ५० मीटरचा राखीव पट्टा असतो ही गोष्ट वेगळी. मी सातबारा मागितला. तो तिथे नव्हता, संध्याकाळी मोबाइलवर आला. भोगवटादारांच्या रकान्यात एकतीस नावे होती. इतर हक्कांत एका कुळाची (जमीन कसणाऱ्याची) नोंद होती. विक्रीला तयार असलेल्यांच्या सह्या सहा. बाकीच्यांविषयी विचारले तर ‘मुंबईला असतात, सह्या घेऊ’ असे उत्तर आले. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर उतरली, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मात्र १,०३६ होत्या. चाकरमान्यांचा हा जिल्हा आहे. घराला कुलूप, जमिनीवर पणजोबांचे नाव आणि वारस गिरगावपासून डोंबिवलीपर्यंत. एकतीसांतले पंचवीस जण ‘मुंबईला असतात’ याचा अर्थ जमीन स्वस्त आहे असा होत नाही. ती अजून विकायला निघालेलीच नाही, असा होतो.

आणखी एक अडचण बडोदेकरांना तरी नवी नसावी, कारण गुजरातेतही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. महाराष्ट्रात कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमिनीचे खरेदीखत करता येत नाही. शिवाय तुकडेबंदी आहे. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचे २० आणि बागायतीचे १० गुंठे असे किमान क्षेत्र ठरले, त्यामुळे शेतजमिनीतले चार गुंठे कापून देतो म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहावे. यावर कंपनीचा उपाय असा होता की जमीन तूर्त त्यांच्याच ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावावर राहू द्यावी, आम्ही साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र करून घ्यावे, आणि पुढे बिनशेती झाल्यावर खरेदी करावी. माझ्या टेबलावरून असे कागद पुष्कळ गेले आहेत. त्यांवर आम्ही कधी कर्ज दिले नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

तिसरी जागा चिपी विमानतळाकडच्या सड्यावर होती. उघडा कातळ, एकही झाड नाही, समुद्र गच्चीवर चढल्यास कदाचित दिसेल. परंतु बिनशेतीचा आदेश होता, मंजूर आराखडा होता, रस्ते आखलेले होते आणि सातबारावर एकच नाव होते. कागद पाहता तिन्हींत ही एकच विचार करण्यासारखी जागा होती, आणि तिथे कोणीही पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबले नाही. विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. उड्डाणे मधूनमधून बंद पडत आली आहेत, तरी भाव सांगताना विमान रोज डोक्यावरून जाते असे धरले जाते. पहिल्या जागेचा गुंठ्याचा भाव पहिल्या दिवशी जो सांगितला त्याच्या दीडपट तिसऱ्या दिवशी झाला होता. मधे काय घडले, तर आमच्यातल्या तिघांनी फोटो काढले होते.

राहण्याच्या दृष्टीने मी वहिनींना बरेच विचारले. पिण्याचे पाणी: उन्हाळा चढला की विहीर मचूळ होते. वीज: मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर त्यांच्याकडे नऊ दिवस दिवा नव्हता. दवाखाना: मालवणला ग्रामीण रुग्णालय, ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, पण जड दुखणे असेल तर गाडी अजूनही बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजकडे वळते. आमच्या वयाच्या माणसांसाठी हा प्रश्न समुद्राच्या दृश्याहून मोठा आहे, आणि पुस्तिकेत त्याला एकही ओळ नव्हती. पावसाळ्यात किल्ल्याची बोट बंद, जलक्रीडा बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. म्हणजे वर्षातले चार महिने खोल्या रिकाम्या. खोल्या भाड्याने देऊन कर्जाचे हप्ते फेडण्याचा जो तक्ता आम्हाला दाखवण्यात आला त्यात बारा महिने भरलेले होते.

शेवटच्या रात्री जेवणानंतर टोकनचा विषय निघाला. ‘सकाळी निघण्याआधी एकवीस हजार भरलेत तर आजचा भाव, काकू.’ आम्ही भरले नाहीत. ह्यांचा हात खिशाकडे गेला होता, तो मी पाहिला. गटातल्या एका दांपत्याने आचऱ्याच्या जागेसाठी भरले. परतल्यावर त्यांनी सगळ्या भोगवटादारांची संमती मागितली, ती आली नाही, आणि पैसे सात आठवड्यांनी मिळाले, तेही ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून तीन हजार कापून. पावतीवर अशा कपातीचा उल्लेख नव्हता.

तेव्हा माझे मत असे: राहणे-जेवणे यांना पाचपैकी पाच, पर्यटनाला साडेतीन, प्रवासाला दोन, आणि जागा दाखवण्याला एक, तो एकही त्या सड्यावरच्या कागदांसाठी. ही सेवा घ्यायचीच असेल तर निघण्यापूर्वी तिन्ही जागांचे गट क्रमांक मागून घ्यावेत, सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) घरबसल्या पाहावेत, आणि ते देण्यास टाळाटाळ झाली तर सहल म्हणून जावे, चेकबुक बडोद्यातच ठेवावे. ज्यांना फक्त देवबाग पाहायचे आहे त्यांना कंपनीची गरज नाही; तिथल्या घरांत फोनवर खोली ठरते आणि मधले पैसे वाचतात.

आमच्या ह्यांचे मन अजून त्या माडांखालीच आहे. वहिनींनी निघताना सांगितले होते, ‘आधी पावसात येवा, मगे काय ता ठरवा.’ त्याप्रमाणे आम्ही जुलैची तिकिटे काढली आहेत, या खेपेला आपली आपण. तेव्हा ताजे मासे नसतील, सुक्या बांगड्यांवर आणि सुकटीवर भागवावे लागेल, असा इशारा फोनवर मिळाला आहे, आणि येताना बडोद्याचा लीलो चेवडो दोन किलो आणावा, असेही कळवले आहे.